एकच बाक सुलटं

१

घड्याळाला कोणीतरी मारलं होतं, आणि मारताना हात अजिबात आखडता घेतला नव्हता.

घड्याळ म्हणजे ट्राम डेपोचा वेळ-तपासनीस. कुठली गाडी कुठल्या मार्गावर, किती वाजता सुटणार, कोण चालवणार हे तो ठरवायचा. अर्धं मिनिट इकडचं तिकडे झालं की त्याची पेन्सिल चालायची, आणि पेन्सिल चालली की दुसऱ्या दिवशी तुमच्या वाट्याला बाजारातला मार्ग यायचा, जिथे हातगाड्या, सायकली आणि फुटपाथाशी भांडण झालेली सगळी दुनिया रुळांवरून चालते. म्हणून त्याला घड्याळ म्हणत. आणखीही बरंच काही म्हणत, पण ते छापण्यासारखं नाही.

दुपारी बरोब्बर दोनला अपघातबाई एकेचाळीस नंबरच्या गाडीची पुढची पायरी चढली आणि तिथेच थबकली. अपघातबाई हे तिचं डेपोतलं नाव. ट्रामखाली माणूस आला की जागेवर जायचं, फीत लावून मोजायचं, रक्त कुठे कुठे उडालं ते कागदावर काढायचं, हे तिचं काम. अकरा वर्षं हे केल्यावर आपलं काळीज घट्ट झालंय असा तिचा समज होता. तो त्या पायरीवर खोटा ठरला.

घड्याळ मधल्या वाटेत पालथा पडला होता. मागून कवटी फुटली होती. एकदा नाही, चार-पाचदा. केस कुठे संपतात आणि बाकीचं कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. डावा हात पहिल्या बाकाच्या पाठीच्या फटीत अडकून वर राहिला होता, आणि मनगटावरचं घड्याळ अजून टिकटिकत होतं.

त्यानंच तिला बोलावलं होतं. सकाळी खिडकीतून हळूच म्हणाला होता, "दोनला एकेचाळीसमध्ये ये. तुझ्या वडिलांचं आहे. गाडीतच दाखवावं लागेल." तिचे वडील बावीस वर्षांपूर्वी याच आवारात, दोन गाड्यांच्या जोडात खीळ घालताना मधोमध चिरडले गेले. कागदावर लिहिलं होतं, चूक त्यांचीच. आता नवीन काय दाखवणार, म्हणून ती सकाळभर अस्वस्थ होती. चहाच्या वेळी तिनं डेपोतल्या मास्तरांना सांगितलंही. मास्तर म्हणाले होते, "जा, ऐकून घे. म्हाताऱ्याशी बोलायला तरी कोण आहे?"

आता बोलणारा बोलायचा राहून गेला होता. त्याच्या पायाशी सांधेसळई पडली होती. रुळाचा सांधा हातानं बदलायचा असला की ड्रायव्हर जी वापरतो ती, कमरेएवढी लांब, अंगठ्याहून जाड. टोकाला केस चिकटले होते. मुठीला निळी चिंधी गुंडाळलेली होती.

निळी चिंधी तिनंच गुंडाळून दिली होती. सळई तिच्या धाकट्या भावाची होती.

२

तिनं आरडाओरडा केला नाही. तो शिट्टीनं केला. शिट्टी त्याच गाडीची कंडक्टर. तिचा आवाज तीन स्टॉप पलीकडे जायचा म्हणून ते नाव. ती मागून चढली, बघितलं, आणि क्षणात अख्ख्या डेपोला कळलं.

काल घड्याळाच्या नावानं बोटं मोडणारी माणसं आज त्याच्यासाठी पेटून उठली. मेलेल्या माणसाचा राग येत नाही आणि हात तर शिवशिवतच असतात. धाकटा मागच्या शेडमध्ये एका बंद गाडीत झोपला होता. त्याला तंगडी धरून खाली ओढलं. ती पोहोचली तेव्हा त्याचे दोन दात बाहेर पडले होते, डावा डोळा मिटला होता, आणि कोणीतरी त्याचं डोकं रुळावर आपटत होतं. ती घुसली. एकाच्या मनगटाला कडकडून चावली, दुसऱ्याच्या गुडघ्यावर लाथ घातली. तरी ती उशिराच पोहोचली असती. तिच्या आधी मास्तर धाकट्यावर आडवे पडले होते आणि त्यांच्या पाठीवर लाथा बसत होत्या.

वडील गेल्यावर या दोघांना मास्तरांनीच वाढवलं. ते डेपोत कंडक्टरांना शिकवायचे, आणि घरी या दोघांना.

फौजदार दोन शिपाई घेऊन आला, म्हणून धाकटा जिवंत राहिला. त्याला तिकिटांच्या खोलीत कोंडलं. बाहेर दीडशे माणसं. एक दगड आला, खिडकीची काच फुटून धाकट्याच्या मांडीवर पडली.

"चारला पोलिसांची मोठी गाडी येईल," फौजदार म्हणाला. "तोवर हे दार टिकलं तर बरं. आणि बाई, खरं सांगायचं तर मला इथे शोधण्यासारखं काही उरलेलं दिसत नाही."

ती भावासमोर उकिडवी बसली. "सकाळी त्याला काय म्हणालास?"

"बाजारचा मार्ग दिला ना त्यानं मला. म्हणालो, डोकं फोडीन."

"फोडलंस?"

"ताई!" त्याच्या तोंडातून रक्ताचा बुडबुडा आला. "पाऊणला गाडी लावली. सळई नेहमीसारखी पुढच्या खुंटीला अडकवली. जाऊन झोपलो. तुझी शपथ."

दाराशी मास्तर भिंतीला टेकून धापा टाकत होते. शेडच्या पत्र्याखाली भट्टी पेटल्यासारखं उकडत होतं आणि त्यांनी बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावली होती. "पोरी, याला सोडव," ते म्हणाले. "काहीही कर. फिटरला विचार. फिटरचं आणि घड्याळाचं हाडवैर होतं, सगळ्यांना ठाऊक आहे."

अडीच वाजले होते. चारला मोठी गाडी येणार, दार उघडणार, आणि दारापासून गाडीपर्यंतची चाळीस पावलं धाकटा जिवंत चालेल याची खात्री कोणालाच नव्हती.

३

ती पुन्हा एकेचाळीसमध्ये गेली. प्रेत तोवर फळीवर घालून बाहेर काढलं होतं. रक्त मात्र कोणी उचलून नेत नाही. ते होतं तिथेच होतं, आणि त्यावर माश्या जमल्या होत्या.

गाडीत वाटेच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा बाकं. प्रत्येक बाकाच्या पाठीला वाटेकडच्या खालच्या कोपऱ्यात पितळी कडी. आणि प्रत्येक कडीवर रक्ताचं बोट. पुढे भिंतीकडे ठसठशीत, मग फिकट, आणि मागच्या दारापाशी नुसती सावली. डावीकडेही तसंच, उजवीकडेही तसंच.

"मारला, झोकांड्या खात मागच्या दारानं पळाला," फौजदार म्हणाला. "आधाराला हात लावत गेला. सोपं आहे."

"झोकांडी खाणारा माणूस वरची कड धरतो. वाकून खालची कडी कशाला धरेल?"

फौजदारानं खांदे उडवले. ती मात्र वाटेच्या मध्ये उभी राहिली आणि तिच्या अंगावर काटा आला. इतका वेळ डोळ्यांसमोर होतं ते आता दिसलं. गाडी नाक भिंतीला लावून उभी होती, मागे दुसरी गाडी जोडलेली. आणि बाकं भिंतीकडे पाठ करून, मागच्या दाराकडे तोंड करून बसली होती. वीसपैकी एकोणीस. फक्त पहिलं डावीकडचं, ज्यात घड्याळाचा हात अडकला होता, तेवढंच गाडीच्या नाकाकडे तोंड करून होतं.

तिनं शिट्टीला हाक मारली. "सकाळी लोक कुठे तोंड करून बसले होते?"

"कुठे म्हणजे? पुढे! ट्राममध्ये कोणी उलटं बसतं का बाई?"

"मग ही बाकं बघ."

शिट्टीनं बघितलं आणि तिचा तो प्रसिद्ध आवाज कुठल्या कुठे गेला. "अगं बाई. ही... ही फिरतात?"

"शेजारच्या गाडीत जाऊन एक पाठ फिरवून दाखव."

शिट्टीनं ढकलली, ओढली, लाथ मारली. पाठ ढिम्म हलली नाही. सहा वर्षं त्या गाडीत तिकिटं फाडणाऱ्या बाईला बाकाची पाठ उलटते हेच माहीत नव्हतं, आणि त्यात तिची काही चूक नव्हती. पंधरा वर्षांपूर्वी प्रत्येक मार्गाच्या दोन्ही टोकांना रुळांचे वळसे बांधले. तेव्हापासून गाडी गोल फिरून परत येते, तोंड तेच राहतं. त्याआधी वळसे नव्हते. गाडी रूळ संपेपर्यंत जायची, भिंतीशी थांबायची, ड्रायव्हर आपलं हँडल काढून दुसऱ्या टोकाला जायचा, आणि कंडक्टर मधल्या वाटेनं चालत दोन्ही हातांनी पाठी उलटवत जायचा. खटाक-खटाक, खटाक-खटाक. दिवसातून वीसदा, वर्षानुवर्षं.

"ज्यानं मारलं," ती फौजदाराला म्हणाली, "तो भिंतीशी उभ्या गाडीत पुढून मागे चालत गेला. भान नव्हतं. पण हातांना भान लागत नाही. त्यांनी आपलं काम केलं. एक पाठ प्रेतामुळे हलली नाही, तेवढीच राहिली. माझा भाऊ सहा वर्षांपूर्वी लागला. आणि तो ड्रायव्हर आहे. ड्रायव्हर जन्मात कधी पाठी उलटवत नाही."

फौजदारानं टोपी काढून डोकं खाजवलं. "वळशांच्या आधीची माणसं किती आहेत इथे?"

"तीन. घड्याळ स्वतः, फिटर, आणि..." ती थांबली. "आधी फिटरकडे जाऊ."

४

फिटर गाडीखालच्या खड्ड्यात होता. तिनं घड्याळाचं नाव काढलं मात्र, खड्ड्यातून एक पाना सणसणत आला, तिच्या कानाला वारा घालून मागच्या लोखंडी खांबावर आदळला आणि ठिणगी उडाली.

"मेला ना?" फिटर वर आला. "बरं झालं. त्यानं माझी गाडी वेळेत सोड म्हणून तगादा लावला, टेकू नीट न लावता मी खाली गेलो, आणि गाडी माझ्यावर बसली. मी रडणार नाही. पोलिसाला आणलंस? आण. दोघं या."

डाव्या हातात दुसरा पाना तयार होता. शिपायानं काठी उगारली. फिटरनं पाना फिरवला, काठीचे दोन तुकडे झाले आणि शिपाई मनगट धरून खाली बसला. मग फौजदारानं मागून फिटरच्या पोटरीवर असा बूट घातला की तो गुडघ्यांवर कोसळला आणि त्याचं तोंड खड्ड्याच्या काठावर आपटलं.

"झालं," फौजदार धापा टाकत म्हणाला. "सापडला."

"पाठी कशा उलटवायच्या, ठाऊक आहे?" तिनं फिटरला विचारलं.

"मला नाही तर कोणाला? मीच दुरुस्त करतो. आधी जरा उचलायची, मग ढकलायची. नुसती ढकलली तर अडकते."

"दोन्हीकडच्या एकदम?"

फिटर हसला. त्याचे पुढचे दात रक्तानं लाल झाले होते. "कसल्या एकदम, बाई? हा बघा." उजवा हात कमरेपाशी कोपरात वाकून होता आणि तिथेच राहिला. "गाडी बसली ती याच्यावर. नऊ वर्षं झाली. या हातानं मला जेवता येत नाही."

तिला ते आत कुठेतरी आधीच माहीत होतं. दोन्ही रांगांवर रक्त होतं, सारखंच गडद, सारखंच फिकट होत गेलेलं. दोन हात होते. दोन धडधाकट, सराईत हात.

आणि मग तिला सकाळचा चहा आठवला. घड्याळानं खिडकीतून हळूच सांगितलं होतं, कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून. दोनला, एकेचाळीसमध्ये, वडिलांबद्दल. हे पुढे कोणाला कळलं असेल तर ते तिच्याच तोंडून कळलं होतं. तिनं ते एकाच माणसाला सांगितलं होतं.

ती वळली आणि एकेचाळीसकडे चालू लागली.

५

पावणेचारला तिनं मास्तरांना बोलावलं. "मास्तर, माझ्याबरोबर एकदा गाडीतून चला. काहीतरी सुटतंय माझ्या नजरेतून. तुमची नजर जुनी आहे."

फौजदार मागच्या दारापाशी उभा राहिला. मास्तर पुढून चढले. रक्ताकडे न बघता ते पाऊल उचलून पलीकडे टाकत होते, आणि ती त्यांच्यापुढे उलट्या पावलांनी चालत होती.

लहानपणी रविवारी ते तिला शेवटच्या फेरीला नेत. भिंत आली की कडेवर घेत आणि तिचा इवलासा हात कडीवर ठेवून म्हणत, शेवटचा स्टॉप, चला, बाकांना घरी जायचंय. सात वर्षांच्या मुलीला याहून मोठा मान जगात नव्हता. घंटेचे दोन टोले द्यायच्या आधी दोनदा बघायचं, हेही त्यांनीच शिकवलं. एक टोला म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा. डेपोतल्या माणसाला झोपेत एक टोला ऐकवला तर तो कूस बदलायचा थांबेल, असं ते गमतीनं म्हणायचे.

तरी ती बोललीच.

"शेवटचा स्टॉप, मास्तर. चला, बाकांना घरी जायचंय."

मास्तर हसले. तेच जुनं हसू. एकोणीस बाकं मागे तोंड करून होती आणि एक चुकीचं. त्यांचा डावा हात खाली गेला, बोटं कडीत शिरली, पाठ जराशी उचलली आणि ढकलली. खटाक.

"ही एक राहिली होती," ते म्हणाले.

मग त्यांनी आपल्या हाताकडे बघितलं.

फौजदार पुढे आला आणि त्यानं मास्तरांच्या बाहीचं बटण तोडलं. आतून मनगटापासून कोपरापर्यंत सुकलेलं रक्त होतं, घाईत पुसलेलं, केसांच्या मुळाशी राहिलेलं. अंगातला सदरा शिकाऊ कंडक्टरांच्या कपाटातला होता. कोरा. आतल्या खिशातून एक जुना, पिवळा कागद निघाला. त्यावर घड्याळाचंच तरुणपणीचं अक्षर होतं. तो तेव्हा कारकून होता आणि अपघाताचा पहिला अहवाल त्यानं लिहिला होता, नंतर बदलला तो नव्हे.

"मी दोन टोले दिले," मास्तर म्हणाले. "तुझा बाप जोडात होता. मी वाकून बघितलं नाही. एकदाही नाही, दोनदा तर सोडच. घड्याळाच्या पाया पडलो, त्यानं कागद बदलला. बावीस वर्षं गप्प बसला आणि आता त्याला मन मोकळं करायचं होतं. मागून घंटेची दोरी ओढणाऱ्याला तो जोड कसा दिसतो, तेच तुला इथे उभं करून दाखवणार होता."

"आणि आज?"

"म्हटलं, नको सांगूस. पोरं तुटतील माझी. तो म्हणाला, दोन वाजायला आलेत, ती येईल. आणि पाठ फिरवून मनगटावरचं घड्याळ बघायला लागला." मास्तरांनी पुढच्या खुंटीकडे बोट केलं. "सळई खुंटीला होती. पहिल्यांदा मारली ते आठवतं. नंतरचं नाही."

"तुम्ही त्याच्यावर आडवे पडलात. लाथा खाल्ल्यात. पण तोंड उघडलं नाहीत."

"चारला सांगणार होतो."

"आणि नसतं सांगितलंत तर?"

तिला रडू आलं आणि तिनं ते अडवलं नाही. पहिला बाप तिला नीट आठवतही नव्हता. दुसरा हा.

६

शिट्टी बाहेर ऐकत होती. म्हणजे सगळ्यांनीच ऐकलं.

मोठी गाडी फाटकात शिरतच होती. तिच्याआधी जमाव शेडमध्ये आला. धाकट्याला मारून हात दुखत होते, पण आता तर खरा सापडला होता. कोणाकडे साखळी, कोणाकडे सळई. पहिला दगड फौजदाराच्या कपाळावर बसला आणि तो बाकावर कोसळला. दोघं पायऱ्या चढले, मास्तरांना कॉलर धरून खाली खेचलं. म्हातारं डोकं पायरीवर आपटल्याचा आवाज झाला. एकानं सळई दोन्ही हातांनी डोक्यावर नेली. मास्तरांनी हात वर केला नाही.

तिच्या डोक्यावर घंटेची दोरी होती. तिनं ती ओढली.

एक टोला.

शेडच्या पत्र्याखाली तो घणघणला. आणि दीडशे माणसं, ड्रायव्हर, कंडक्टर, सांधेवाले, सगळी जिथल्या तिथे थांबली. उचललेले पाय तसेच राहिले, वर गेलेली सळई वरच राहिली. कोणी ठरवून थांबलं नाही. त्यांच्या अंगातच ते होतं, जसं मास्तरांच्या हातात पाठ उलटवणं होतं. तेवढ्या दोन श्वासांत मोठ्या गाडीतले शिपाई आत घुसले, त्यांनी मास्तरांना उचललं आणि कडं करून फाटकाकडे न्यायला सुरुवात केली.

तिकिटांच्या खोलीचं दार उघडलं होतं. धाकटा चौकट धरून उभा होता, एका डोळ्यानं बघत. "ताई, मास्तरांना का नेतायत?" त्यानं विचारलं. अजून त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं.

जमाव तिच्याकडे बघत होता. दोरी अजून तिच्या मुठीत होती. आणखी एक टोला पडला असता तर ते निघाले असते. शिपायांचं कडं त्यांना किती वेळ अडवणार होतं? बापाला चिरडणाऱ्या, भावाला मरणाच्या दारात सोडणाऱ्या माणसासाठी एकच टोला. द्यावासा वाटला तिला. अगदी मनापासून वाटला.

तिनं वाकून मागच्या जोडाकडे बघितलं, जिथे फक्त दोन गाड्यांमधला अंधार दिसत होता. मग पुन्हा एकदा बघितलं. आणि दोरी सोडून ती भावाला सांगायला खाली उतरली.